चार उसवलेल्या शिवणी

गल्लीत तिला सगळे टाचणी म्हणायचे. तोंडावर नाही, तोंडावर काकू. हे नाव पडायला दोन कारणं होती. एक म्हणजे अंगाने ती तशीच, सरळसोट आणि किडकिडीत. दुसरं म्हणजे काम करताना तिच्या ओठांत पाच-सहा टाचण्या कायम धरलेल्या असत आणि त्या तशाच ठेवून ती बोलायची. तिसरंही एक कारण होतं, पण ते तिच्या नणंदेनेच शोधून काढलेलं: ही बाई बोलली की टोचतंच.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीपाशी मशीन, शेजारी कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात इस्त्री आणि दोन भिंतींना दोरी बांधून सोडलेला जाड पडदा. त्या पडद्याआड तिने तीस वर्षं बायकांची मापं घेतली. शिक्षिका, नर्स, हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या मुली, बँकेतल्या बायका, सगळ्यांचे गणवेश तिच्याकडे. प्रत्येकीचं वहीत एक पान. छाती, कंबर, सीट, खांदा, बाही, उंची. जुना आकडा खोडायचा नाही, त्याच्या खाली तारीख घालून नवा लिहायचा. फडताळात अशा सतरा वह्या होत्या आणि तिचा नवरासुद्धा त्यांना हात लावत नसे.

धंद्याचे दोन नियम तिला एका म्हाताऱ्या शिंपिणीने शिकवले होते. आकडा तोंडाबाहेर काढायचा नाही, हा पहिला. आणि दुसरा असा की, बाईचं अंग सुटलं तर ते तिला आरशाने सांगावं, आपण नाही. शिवताना आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. कपडा बटण लावायला किंवा इस्त्रीला आला आणि शिवणीवर ताण दिसला, की टाचणी गुपचूप ती शिवण उसवायची, मायेतून पाव इंच मोकळं करायची आणि परत शिवून द्यायची. बाई घरी जाऊन खूश, की बघा, दोन वर्षांपूर्वीचा कपडा मला अजून बसतो!

तिची नणंद बस डेपोत तिकीट खिडकीवर होती. तिला आपण नणंदबाई म्हणू. वय एक्कावन्न, आवाज खणखणीत, काचेला पाडलेल्या एवढ्याशा भोकातून ती दिवसाला हजार माणसं वाटेला लावायची. “कुठे? किती? पुढचा!” एवढंच बोलायचं. वहिनीच्या कामाबद्दल तिचं मत फारसं बरं नव्हतं. शिवण म्हणजे काय, सरळ रेषेत मशीन हाकायचं, त्यात एवढी मिजास कशाची, असं ती नवऱ्याजवळ बोलून दाखवायची. पण डेपोचा निळा कोट मात्र दर दोन महिन्यांनी वहिनीकडेच यायचा, कारण तिथे तो फुकटात नवा होऊन मिळायचा.

त्या वर्षी नणंदबाईला दोन घासांतच पोट भरल्यासारखं व्हायला लागलं. डबा अर्धा परत यायचा. पोट दुपारनंतर टम्म, कंबर दुखते, लघवीला सारखं जावं लागतं, आणि खिडकीवरची रांग सोडून उठायचं म्हणजे बाहेर शिव्या. महिनाभर काढला आणि ती डॉक्टरकडे गेली.

डॉक्टर त्या भागातले नावाजलेले. माणूस वाईट नव्हता हो. बाहेर चाळीस माणसं बसलेली आणि आत हा एकटा. पण चांगल्या माणसाने ऐकलं नाही तरी ते न ऐकलेलंच असतं. त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, “वय?” तिने सांगितलं. “पाळी?” तिने सांगितलं. “मग या वयात बायकांना हे व्हायचंच. गॅसेस आहेत. घरात काही ताणतणाव? सासू, भावजय, कुणाशी पटत नाही असं?”

“भावजयीशी कुणाचं पटतं, डॉक्टरसाहेब?” ती हसून म्हणाली, आणि तिथेच चुकली. डॉक्टरांनी कागदावर “ताण” असं लिहिलं आणि नंतर आठ महिने तो शब्द तिच्या फाइलमधून काही हलला नाही.

दुसऱ्या खेपेला ती नवऱ्याला घेऊन गेली. डॉक्टर नवऱ्याशीच बोलले. “यांना जरा फिरायला नेत जा. कामाचा कंटाळा येतो माणसाला.” नवरा बिचारा बसचालक, त्याने मान डोलावली. ती दोघांच्या मधे बसून होती आणि तिच्या पोटाबद्दल दोन पुरुष तिच्या डोक्यावरून बोलत होते. तिसऱ्या खेपेला तिने मनाचा हिय्या करून सांगितलं, “पोट वाढतंय हो माझं. मला आतून कळतंय.”

डॉक्टरांनी वर पाहिलं. “कपडे घट्ट होतात का?”

तिने विचार केला. कोट तर छान बसत होता. पँटही. “नाही,” ती म्हणाली.

“झालं तर मग! वजनही दोन किलो उतरलंय. बायका त्यासाठी पैसे मोजतात.” आणि त्यांनी मन शांत ठेवायच्या गोळ्या लिहून दिल्या.

ती घरी आली ती खजील होऊन. खोटं बोलताना पकडलं गेल्यासारखं तिला वाटत होतं. कपडे घट्ट नाहीत म्हणजे पोट वाढलेलं नाही; मग जे जाणवतं ते कुठून येतं? डोक्यातून. तिने गोळ्या सुरू केल्या. रात्री झोप लागू लागली, आणि पोट मात्र होतं तिथेच होतं. चौथ्या, पाचव्या खेपेला ती डॉक्टरांपुढे बसल्यावर आधीच म्हणायची, “माझ्या मनाचेच खेळ असतील, पण...” स्वतःच्याच अंगाबद्दल अशी माफी मागताना तिला किती लाज वाटत होती, ते तिने कुणालाही सांगितलं नाही.

डेपोने नवे कोट काढले तेव्हा कापड घेऊन ती वहिनीकडे गेली. दुपारची वेळ होती. पडद्याआड हात पसरून उभं राहिल्यावर तिला गप्प बसवेना, म्हणून तिने गंमत म्हणून सांगितलं. “वहिनी, तुझ्यामुळे मी वेडी ठरले बघ. डॉक्टर म्हणतात भावजयीचा ताण आहे. पोटबिट काही वाढलेलं नाही. कपडे कुठे घट्ट होतायत, म्हणाले.”

कंबरेभोवती गेलेली टेप तिथेच थांबली.

टाचणीने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या उशीत खोचल्या. पाच होत्या. मग म्हणाली, “वन्सं, कपडे घट्ट नाही झाले, कारण मी उसवले.”

“काय उसवलंस?”

“तुमचा कोट. चारदा. पँटचं मागचं इलॅस्टिकही बदललं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलले नाही.”

नणंदबाईला आधी काही कळेना, आणि कळलं तेव्हा तिचा असा भडका उडाला की पडदा ओढता ओढता दोरीसकट खाली आला. “आठ महिने! आठ महिने मी त्या माणसापुढे वेडी ठरतेय आणि तू इथे मूग गिळून गप्प? काय समजलीस मला, गिऱ्हाईक? मी घरातली ना ग?”

“घरातल्या म्हणून तर जास्त जपून उसवलं,” टाचणी म्हणाली. आणि मग जे नणंदबाईने तीस वर्षांत पाहिलं नव्हतं ते झालं: वहिनीचा आवाज रडवेला झाला. “चूक झाली माझी. ओरडा मला. पण ओरडून झालं की हात पसरून उभ्या राहा, मला नीट माप घेऊ द्या.”

नणंदबाई ओरडून घ्यायचं तेवढं ओरडली. मग हात पसरून उभी राहिली.

यानंतरचा अर्धा तास ती पुढे कितीदा तरी सांगायची आणि दर वेळी तिच्या अंगावर काटा यायचा. वहिनीने तिला उभी करून मोजलं, बसवून मोजलं, कापायच्या टेबलावर उताणी झोपवून मोजलं. दंड मोजला, मनगट मोजलं, मानेचा घेर मोजला. मग चौथी वही काढली, नववी काढली, पंधरावी काढली, आणि नणंदबाईने आपलं अख्खं आयुष्य आकड्यांत उतरलेलं पाहिलं. लग्नाआधीची कंबर. पहिल्या बाळंतपणानंतरची. टायफॉइड झाला त्या वर्षीचे खांदे. आई गेली तेव्हा तिचं जेवण तुटलं होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वहीत आलं होतं, छातीत दीड इंच कमी. जिला आपण मशीन हाकणारी म्हणत होतो तिने आपल्याला इतकं पाहिलं होतं! तिला भीतीच वाटली थोडी, आणि आदरही, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळे ती अगदी लहान मुलीसारखी चूप बसली.

“हे बघा,” वहिनी म्हणाली. “माणूस लठ्ठ होतं तेव्हा सगळीकडून होतं. आधी दंड, मग पाठ, मग कंबर. तुमचा दंड इंचभर बारीक झालाय. मान बारीक झालीय. खांदा उतरलाय. आणि कंबर चार इंच वर. हे लठ्ठ होणं नाही, वन्सं. अंग उतरतंय आणि एकटं पोट चढतंय.”

“तुला काय माहीत?”

टाचणीने अकरावी वही उघडली. गाणं शिकवणाऱ्या एका बाईचं पान होतं. आकडे तसेच, खांदे खाली, कंबर वर. शेवटच्या तारखेनंतर पान कोरं. “सहादा उसवले होते तिचे कपडे,” ती म्हणाली. “सातव्यांदा तिचा नवरा कपडा न्यायला आला. मला तेव्हाही दिसत होतं. मी शिंपीण, मी काय बोलणार, असं म्हणून गप्प बसले. आता बसणार नाही.”

दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरांकडे गेल्या. टाचणीच्या हातात कापडी पिशवी आणि गळ्यात टेप. ती काढायचं तिला सुचलंच नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, “या कोण?”

“यांची भावजय,” टाचणी म्हणाली. “तुमच्या कागदावरचा ताण.”

तिने पिशवीतून कोट काढला, उलटा केला आणि टेबलावर, फाइलच्या शेजारी पसरला. शिवण उसवली तरी कापडाला सुईची भोकं राहतात. दोन्ही कुशींना भोकांच्या चार समांतर ओळी होत्या, पाव पाव इंचावर, आणि प्रत्येक ओळीशी पेन्सिलीने बारीक अक्षरात तारीख.

“हे काय आहे, बाई? मी शिवणकामावरून निदान करू?”

“कशावरून तरी करा,” टाचणी म्हणाली. “तुम्ही विचारलंत, कपडे घट्ट होतात का. या नाही म्हणाल्या. या खोटं बोलल्या नाहीत, खरं काय ते मीच यांना कळू दिलं नाही. हे उत्तर घ्या आता. हातच्या काकणाला आरसा कशाला?” तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. “ही तारीख बघा आणि तुमच्या फाइलची पहिली तारीख बघा. या तुमच्याकडे आल्या त्याच आठवड्यात मी पहिल्यांदा उसवलं. दुसरी खेप, दुसरी ओळ. तिसरी खेप, तिसरी ओळ.”

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. “बाहेर पेशंट खोळंबलेत. वजन कमी झालंय त्यांचं, कोट काहीही म्हणो.”

“तेच तर म्हणतेय मी. वजन कमी आणि कंबर जास्त, हे तुम्हाला विचित्र नाही वाटत? मी सातवी शिकलेली बाई, मला वाटलं.” तिचा आवाज चढला नव्हता, पण दाराशी उभी असलेली कंपाउंडर बाई आत डोकावली. “एक विचारते, डॉक्टरसाहेब. कापडाला हात लावून बघितल्याशिवाय मी कात्री लावत नाही. आठ महिन्यांत तुम्ही यांच्या पोटाला एकदा तरी हात लावलात का?”

डॉक्टरांनी फाइल उघडली. पहिलं पान, दुसरं, तिसरं. त्यांना जे शोधायचं होतं ते तिथे नव्हतं.

“लावा आता,” टाचणी म्हणाली. “हात लावून काही नाही म्हणा आणि तसं लिहून सही करा. मी कोट घेऊन निघून जाते, तुमची माफी मागून.”

“झोपा,” डॉक्टर नणंदबाईला म्हणाले.

ती तपासायच्या टेबलावर झोपली. डॉक्टरांनी हात चोळून गरम केले आणि पोटावर ठेवले. वर दाबलं, डावीकडे दाबलं, मग बेंबीच्या खाली आले. तिथे हात थांबला. थोडा मागे गेला आणि पुन्हा तिथेच आला. नणंदबाई डॉक्टरांकडे पाहत नव्हती. ती वहिनीकडे पाहत होती. टाचणी त्या हाताकडे अशी टक लावून उभी होती, जणू एखादा शिकाऊ पहिल्यांदा बाही बसवतोय आणि तो कुठे चुकणार ते तिला आधीच ठाऊक आहे. एवढ्या मोठ्या डॉक्टरचा हात आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारी आपली वहिनी! नणंदबाईला अशा वेळीही हसू आलं, आणि मग डॉक्टरांचा चेहरा दिसला आणि ते गेलं.

“आजच सोनोग्राफी करा,” डॉक्टर म्हणाले. बसताना ते खुर्चीचा हात धरून बसले. “मी फोन करतो. आत्ताच जा.”

गाठ होती. अंडाशयावर, नारळाएवढी. मोठ्या रुग्णालयाची तारीख मिळाली. तिथला सर्जन म्हातारा होता, कानात ऐकायचं यंत्र घातलेला. त्याने विचारलं, कधीपासून होतंय? नणंदबाईने लगेच पिशवी पुढे केली. “वहिनी, कोट दाखव.”

“कोट कशाला?” सर्जन म्हणाला. “तुम्ही सांगा ना. मी ऐकतोय.”

आणि तिला सांगताच येईना. हजार माणसांना एका श्वासात वाटेला लावणारी ती, तिच्या तोंडून शब्द फुटेना. ती ढसाढसा रडली. सर्जन थांबला. मग तिने सांगितलं, पहिल्या अर्ध्या डब्यापासून, आणि तो सगळं तिच्याच शब्दांत लिहून घेत राहिला.

ऑपरेशनला आठवडा होता. त्या आठवड्यात टाचणीने मशीनवर कापड टाकून ठेवलं आणि सतराही वह्या काढल्या. जिथे खांदा खाली आणि कंबर वर, ते पान दुमडलं. तीन पानं निघाली. ती तिन्ही दारांशी स्वतः गेली. एकीने तोंडावर दार लावलं, माझं पोट मी माझ्या जेवणाने वाढवलंय म्हणून. दुसरी लाजून लाल झाली; तिला पाचवा महिना होता आणि अजून सासरी सांगायचं होतं. तिसरी मात्र दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “काकू, मला वाटलं होतं, फक्त मलाच कळतंय.” टाचणीने तिला तिथूनच हाताला धरून रुग्णालयात नेलं. गल्लीत चर्चा झाली, की शिंपीण आता डॉक्टर झाली. होऊ दे. मला विचाराल तर तिने फार आधी व्हायला हवं होतं, आणि हे तिचंही म्हणणं होतं.

ऑपरेशन चार तास चाललं. गाठ अख्खी निघाली आणि तिचा तुकडा तपासायला गेला. सहा दिवस नणंदबाई बायकांच्या वॉर्डात पडून होती, बारा खाटांचा वॉर्ड, तिची खिडकीपासून तिसरी. वहिनी रोज सकाळी यायची, तिचे केस विंचरायची, चादरीची सुरकुती सारखी करायची. गाठ कसली निघते यावर सगळं होतं, आणि दोघी त्याबद्दल बोलत नव्हत्या. एकदाच नणंदबाई म्हणाली, “वहिनी, मी गेले तर?” आणि टाचणी म्हणाली, “मग त्या नव्या कोटाचं काय करू? तुमच्या मापाची दुसरी बाई मिळायची नाही.” असं म्हणून ती पुन्हा चादरीची सुरकुती सारखी करायला लागली.

सातव्या दिवशी सर्जन रिपोर्ट घेऊन आला. वाईट जातीचीच गाठ होती, त्याने लपवलं नाही. पण पहिल्या टप्प्यातली. गाठीच्या बाहेर काही गेलेलं नव्हतं. काही महिने औषधं, मग तपासण्या. “जगाल तुम्ही,” तो म्हणाला, आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर खराखुरा आनंद होता. “नशीब चांगलं. वेळेत आलात.”

टाचणीने खाटेचा दांडा घट्ट धरला. नणंदबाईचे डोळे भरले. तिला हात जोडायचे होते, आभार मानायचे होते, ती तशी उठूनही बसली. पण तोंडातून आलं ते वेगळंच.

“मी वेळेतच आले होते, डॉक्टर. आठ महिन्यांपूर्वी.”

सर्जनने कानातलं यंत्र बोटाने सारखं केलं. “काय म्हणालात? जरा मोठ्याने.”

तिने डेपोतला आवाज लावला. “आठ महिन्यांपूर्वी आले होते मी! सांगितलं होतं मी!”

औषधाची ट्रॉली ढकलणारी नर्स जागीच उभी राहिली. शेजारच्या खाटेवरची बाई दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिने कूस बदलली.

“मी दोन वर्षांपूर्वी,” ती म्हणाली.

“मी गेल्या उन्हाळ्यात,” खिडकीजवळून आवाज आला.

“मी सहा वर्षं सांगतेय,” समोरची म्हातारी म्हणाली. “आधी नवऱ्याला, मग त्यांना.”

आवाज खाटेवरून खाटेवर जात राहिला, कुणी घाईने नाही, जिची तिची वेळ आली की ती बोलली. नणंदबाईने आयुष्यभर रांगा पाहिल्या होत्या, पण अशी नव्हती पाहिली, आणि “पुढचा” म्हणायला तिची जीभ रेटली नसती. तिने वहिनीचा हात धरला. टाचणी मान वळवून वळवून एकेकीकडे बघत होती.

शेवटची बाई बोलून झाली. सर्जनने रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि दाराजवळच्या पहिल्या खाटेपाशी जाऊन बसला.

“सांगा,” तो म्हणाला.